जो थॉमस: सलग १०,३६३ स्नॅप आणि हरत राहिलेला संघ

एरीकाठचा

अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकणारा, झेलणारा, घेऊन पळणारा, सगळ्यांच्या नावापुढे आकड्यांची रांग असते. समोरच्याला अडवून धरणाऱ्या लाइनमनच्या नावापुढे मात्र काही नसतं. तो चुकला तरच नोंद होते: याच्या बाजूने सॅक झाली (बॉल सुटण्याआधीच फेकणारा पाडला गेला), याने होल्डिंग केलं (नियमाबाहेर धरून ठेवलं), दहा यार्डांचा दंड. क्लीव्हलंड ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल, म्हणजे फळीच्या डाव्या टोकाचा लाइनमन, जो थॉमस याने या कामातही स्वतःचा एक आकडा कमावला. १०,३६३. सप्टेंबर २००७ मधल्या पहिल्या सामन्यापासून २२ ऑक्टोबर २०१७ पर्यंत ब्राउन्सच्या आक्रमणाचा एकही स्नॅप त्याच्याशिवाय झाला नाही. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, १९९९ पासून स्नॅप मोजले जातात. तेव्हापासून एवढी सलग मजल दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाही.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सेंटर दोन पायांमधून बॉल मागे देतो तो स्नॅप, आणि तिथून डाव सुरू होतो. डाव चालतो जेमतेम चार-पाच सेकंद. एका सामन्यात एका संघाचे असे साठ-सत्तर डाव होतात आणि प्रत्येक डावात लाइनमनची समोरच्या सव्वाशे किलोच्या माणसाशी टक्कर ठरलेली. सामना हातातून गेला की शेवटच्या काही मिनिटांत कोच मोठ्या खेळाडूंना बसवतात, राखीव मुलांना पाठवतात. ब्राउन्सवर अशी वेळ कितीतरी वेळा आली. थॉमस तेव्हाही मैदानात असायचा.

तो विस्कॉन्सिनचा. ४ डिसेंबर १९८४ चा जन्म, मिलवॉकीजवळच्या ब्रूकफील्डमध्ये वाढला. शाळेत फुटबॉलबरोबर गोळाफेक आणि थाळीफेक, आणि हे दोन्ही त्याने मॅडिसनच्या विद्यापीठातही चालू ठेवलं. गोळाफेकीचा उल्लेख मुद्दाम करतोय. छोट्या वर्तुळात पाय झपाट्याने हलवत कमरेतून जोर काढायचा, हे टॅकलच्या कामाला फार जवळचं आहे. जानेवारी २००६ मध्ये कॅपिटल वन बोलच्या सामन्यात बचावफळीत माणसं कमी पडली म्हणून त्याला तिकडे खेळवलं आणि त्याच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला. पुढच्याच हंगामात तो परतला आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज लाइनमनला मिळणारी आउटलँड ट्रॉफी त्याने घेतली. १९८ सेंटिमीटर उंची, १४० किलोच्या वर वजन, आणि तरी ४० यार्ड ४.९२ सेकंदांत.

एप्रिल २००७ च्या ड्राफ्टला, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमाला, न्यूयॉर्कला येण्याचं निमंत्रण होतं. सूट घालून मंचावर जायचं, टोपी घालायची, फोटो काढायचे. तो गेला नाही. वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडायला गेला आणि ब्राउन्सने तिसऱ्या क्रमांकावर आपल्याला घेतल्याची बातमी त्याला बोटीवर कळली. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, बॉल फेकणारा) जमार्कस रसेल तीन हंगामांत लीगबाहेर गेला. थॉमसला पहिले दहाच्या दहा हंगाम प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलं गेलं आणि सहा वेळा तो वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, म्हणजे ऑल-प्रोच्या, पहिल्या संघात आला.

आता संघाबद्दल. थॉमसच्या पहिल्या सामन्यात स्टीलर्सनी ब्राउन्सना ३४-७ असं धुतलं. त्या दिवशी सुरुवात करणारा क्वार्टरबॅक चार्ली फ्राय सामन्यातच बाकावर बसवला गेला आणि दोन दिवसांत त्याला सिॲटलला धाडलं. पुढच्या आठवड्यात डेरेक अँडरसन आला आणि बेंगल्सना ५१-४५ ने हरवलं. त्या वर्षी १० विजय, ६ पराभव, आणि बरोबरी सोडवण्याच्या नियमात प्लेऑफ (विजेतेपदासाठीची बाद फेरी) हुकला. थॉमसच्या कारकिर्दीतला हरण्यापेक्षा जास्त जिंकलेला तो एकमेव हंगाम. नंतर दर हंगामाचे विजय ४, ५, ५, ४, ५, ४, ७, ३, १ आणि शेवटी ०. अकरा हंगामांत ४८ विजय, १२८ पराभव. २०१७ मध्ये सोळापैकी सोळा हरले.

या काळात मुख्य कोच सहा झाले: क्रेनेल, मँजिनी, शर्मर, चडझिन्स्की, पेटिन, जॅक्सन. आणि सुरुवात करणारे क्वार्टरबॅक वीस. ही वीस नावं इथले लोक गमतीने म्हणून दाखवतात. थॉमसच्या बाजूने पाहिलं तर त्यात गंमत काही नाही, आणि मला जे सांगायचंय ते इथेच आहे. टॅकल ज्याला वाचवतो तो त्याच्या पाठीमागे असतो. बॉल घेऊन हा मागे किती पावलं जाणार, दबाव आला की पुढे सरकणार की बाजूला पळणार, बॉल किती वेळ धरून ठेवणार, हे सगळं न बघता माहीत असावं लागतं, कारण त्यावरून आपण समोरच्याला कुठल्या बाजूने वळवायचं ते ठरतं. जेक डेलोम जुन्या पठडीतला, पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनमननी घातलेल्या कड्यात, उभा राहून फेकणारा. जॉनी मँझिएल दुसऱ्या सेकंदाला कुठे असेल ते त्यालाही ठाऊक नसायचं. प्रत्येकाची हाक वेगळी, आवाजाचा ठेका वेगळा. टॅकल दहा वर्षं एकाच क्वार्टरबॅकपुढे खेळला तर हे अंगात मुरतं. थॉमसला जवळजवळ दर सहा-आठ महिन्यांनी नव्याने शिकावं लागलं. आणि तो ज्या विभागात खेळला तिथे वर्षातून दोनदा स्टीलर्सचा जेम्स हॅरिसन आणि रेव्हन्सचा टेरेल सग्ज समोर यायचे. दोघेही लीगचे सर्वोत्तम बचावपटू ठरलेले.

२२ ऑक्टोबर २०१७ ला टायटन्सविरुद्ध घरच्या मैदानावर त्याच्या डाव्या हाताचा ट्रायसेप्स फाटला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याचा ७३ नंबर चालत बाहेर गेला आणि त्याच्या जागी स्पेन्सर ड्रँगो आत आला. सामना जादा वेळेत १२-९ ने हरले. १४ मार्च २०१८ ला त्याने निवृत्ती जाहीर केली, २०२३ मध्ये पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी कँटनच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, गेला. कँटन क्लीव्हलंडहून गाडीने तासाभरावर. त्या ऑगस्टमध्ये मीही गेलो होतो. गावभर नारिंगी रंग होता आणि जर्सींवर सगळीकडे ७३.

एकदाही प्लेऑफ न खेळलेल्या माणसासाठी एवढी गर्दी. जिंकणाऱ्या संघात राहून मोठं होणाऱ्यांबद्दल आपण पुष्कळ वाचतो. हरणाऱ्या संघात आपलं काम अचूक करत राहणारा माणूस जास्त अवघड काहीतरी करत असतो असं मला वाटतं. त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

सह्यवेडा

वाचतोय. या खेळाची मला शून्य माहिती, तरी शेवटपर्यंत वाचलं. दोन शंका आहेत. लेफ्ट टॅकललाच एवढा मान का? आणि "अडवून धरणे" म्हणजे नक्की काय करतात? टीव्हीवर नुसती ढकलाढकली दिसते.

एरीकाठचा

सह्यवेडा, आक्रमणाच्या फळीत पाच जण. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर फेकताना त्याचं अंग उजवीकडे वळतं आणि डावी बाजू पाठीमागे जाते. तिथून येणारा माणूस त्याला दिसत नाही. ती बाजू लेफ्ट टॅकलची. पूर्वी संघ आपला सगळ्यात वेगवान पासरशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) तिकडेच सोडायचे. हल्ली दोन्हीकडून सोडतात, तरी मान टिकून आहे.

पासचा डाव असला की टॅकल मागे मागे सरकत जातो. याला किक-स्लाइड म्हणतात. डावा पाय तिरपा मागे जातो, उजवा जमिनीलगत त्याच्यामागे घसटतो. वजन आतल्या, म्हणजे उजव्या पायावर ठेवायचं, कारण आतून वाट मिळाली की समोरचा थेट क्वार्टरबॅकवर जातो. बाहेरून आला तर त्याला लांबचा फेरा पडतो आणि तेवढ्या वेळात बॉल सुटतो. हात समोरच्याच्या छातीवर, त्याच्या खांद्यांच्या आत. खांद्याबाहेर पकडलं की होल्डिंग. हे सगळं दोन-अडीच सेकंदांत.

थॉमस यात वेगळा होता तो पावलांमुळे. बहुतेक टॅकल एकाच पद्धतीने मागे जातात, मग समोरचा त्याचा अंदाज बांधतो. थॉमस कधी खोल जायचा, कधी अर्ध्यावर थांबायचा, कधी स्नॅप होताच समोरच्याच्या अंगावर जाऊन त्याने ठरवलेली चाल सुरू होण्याआधीच मोडायचा. पासरशर दिवसभर एक चाल रचत आणतो, दुसऱ्या सत्रात दाखवायची आणि चौथ्यात फसवायचं. थॉमसपुढे त्याला असं रचताच यायचं नाही.

एक सामना बघायचाच असेल तर १२ ऑक्टोबर २०१४, ब्राउन्स विरुद्ध स्टीलर्स. ब्राउन्स ३१-१० ने जिंकले. बॉलकडे न बघता फक्त फळीकडे बघा. त्यात एक दुर्दैवी गोष्टही दिसेल. सेंटर अ‍ॅलेक्स मॅक, ज्याने २००९ पासून तोवर एकही स्नॅप सोडला नव्हता, त्याचा पाय मोडतो. पुढच्या रविवारी हाच संघ तोवर एकही सामना न जिंकलेल्या जॅक्सनव्हिलकडून २४-६ असा हरला. थॉमस होता, क्वार्टरबॅक तोच होता. मधला एक माणूस गेला आणि धावण्याचा खेळ कोलमडला. लाइनमनची किंमत कुणी विचारली की मी हे दोन सामने लागोपाठ बघायला सांगतो.

तालीमवाला

दादा, तुम्ही पावलांचं जे लिहिलंय ते आमच्याकडे तालमीत पहिल्या दिवसापासून सांगतात. कंबर खाली, वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर टाकू नको, हात आतून घाल. पवित्रा उंच झाला की गडी उचलला गेलाच. लाइनमनची ती बैठक बघितली की मला मातीतलाच पैलवान दिसतो.

आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. स्टीफन नील नावाचा अमेरिकन पैलवान १९९९ चा १३० किलो फ्रीस्टाइलचा विश्वविजेता. त्याच वर्षी कॉलेजच्या अंतिम फेरीत त्याने ब्रॉक लेस्नरला हरवलं होतं, तोच लेस्नर जो पुढे डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये आपल्याकडच्या पोरापोराला माहीत झाला. नील कॉलेजात फुटबॉल एकही सामना खेळला नव्हता. तरी न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला घेतलं, गार्ड बनवलं, आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या पुढे उभा राहून तो खेळला. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघाच्या तीन अंगठ्या त्याच्याकडे आहेत. कुस्ती करणाऱ्याला ही फळी परकी वाटत नाही, एवढंच सांगायचं होतं. आपल्या भागातल्या एखाद्या हेवीवेट पोराला हे कुणी वेळेवर दाखवलं असतं तर काय झालं असतं, असं नेहमी मनात येतं.

सह्यवेडा

लेस्नरला हरवणारा माणूस पुढे फुटबॉल खेळला हे माहीत नव्हतं. फारच भारी माहिती, धन्यवाद. तो २०१४ चा सामना शोधतो.

मुक्ता_पुणे

लेख सुंदर आहे, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. हरणाऱ्या संघात राहिला म्हणून मोठा, हे मला पटत नाही. तो राहिला कारण करार होता. २०११ मध्ये सात वर्षांचा आठ कोटी चाळीस लाख डॉलरचा करार त्याने केला. त्यात गैर काही नाही, पण मग त्याला त्यागाचा रंग देऊ नये. माझ्या मते इथे दोष क्लबचा आहे. लीगमधल्या सर्वोत्तम टॅकलची दहा वर्षं हातात होती आणि त्यांनी ती कोच बदलण्यात आणि चुकीचे क्वार्टरबॅक निवडण्यात घालवली. त्याच्या सलग स्नॅपचं कौतुक करताना ही नासाडी झाकली जाते. वाईट व्यवस्थेत चांगला माणूस निमूट काम करत राहिला की आपण त्या माणसाला हार घालतो आणि व्यवस्था सुटते. नोकरीतही हेच बघत आलेय.

एरीकाठचा

मुक्ता, क्लबच्या नासाडीबद्दल पूर्ण अनुमोदन. ड्राफ्टचा इतिहास काढला तर तुमचा मुद्दा अजून बळकट होईल. थॉमसच्या वर्षीच बाविसाव्या क्रमांकावर ब्रेडी क्विन घेतला, मग कोल्ट मॅकॉय, ब्रँडन वीडन, मँझिएल. एकही टिकला नाही.

त्याग हा शब्द मी वापरला नव्हता आणि वापरणारही नाही. पैसे त्याला उत्तम मिळाले, मिळायलाच हवे होते. माझा मुद्दा कामाच्या दर्जाचा आहे. १-१५ अशा हंगामात डिसेंबरच्या थंडीत, सामन्याला काही अर्थ उरलेला नसताना, चौथ्या सत्रात पाऊल बरोबर पडणं हे करारात लिहून मिळत नाही. ढिलाई केली असती तरी कुणाला कळलं नसतं. तो २०१६ मध्येही प्रो बोलला निवडला गेला, म्हणजे लीगभरच्या खेळाडूंना आणि कोचना तेव्हाही त्यात काही कमी दिसलं नाही.

राहण्या-जाण्याबद्दल एक गोष्ट मात्र नोंदवतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्राउन्स आणि डेन्व्हर यांच्यात त्याच्या अदलाबदलीची बोलणी चालल्याच्या बातम्या होत्या. व्यवहार फिसकटला. तीन महिन्यांनी डेन्व्हरने कॅरोलायनाला २४-१० ने हरवून सुपर बोल जिंकला, त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचा शेवटचा सामना. हा निर्णय थॉमसच्या हातात नव्हता, दोन क्लबांच्या हातात होता. ते आठवलं की मलाही तुमच्याइतकाच राग येतो.

मुक्ता_पुणे

कामाच्या दर्जाचा मुद्दा मान्य. डेन्व्हरचं मला माहीत नव्हतं. वाचून खूप वाईट वाटलं.

क्लीव्हलंडची_सून

इथल्या लोकांचं थॉमसवर एवढं प्रेम का, हे बाहेरून समजणं कठीण आहे. माझे सासरे १९७० च्या दशकात इंजिनिअर म्हणून इथे आले. पहिल्या हिवाळ्यात कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी त्यांना स्टेडियमवर नेलं आणि तेव्हापासून रविवारी दुपारी आमच्या घरी दुसरं काही होत नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेणार असल्याचं जाहीर केलं तेव्हा घरात सुतक असल्यासारखं झालं होतं, असं सासूबाई सांगतात. शहराने कोर्टकचेऱ्या करून नाव आणि रंग तेवढे वाचवले. १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला.

म्हणजे या गावाच्या अनुभवात संघ सोडून जातो, मालक सोडून जातो, क्वार्टरबॅक तर येतात आणि जातात. त्यात एक माणूस दर रविवारी त्याच जागेवर दिसत राहिला. सासऱ्यांनी कधी कुणा क्वार्टरबॅकची जर्सी घेतली नाही, ७३ ची घेतली.

०-१६ नंतर जानेवारी २०१८ मध्ये हजारो लोक कडाक्याच्या थंडीत स्टेडियमभोवती मोर्चा काढून फिरले. वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली, पण त्याच मोर्चात शहराच्या अन्नपेढीसाठी मोठी देणगी गोळा झाली. आणि १० जानेवारी २०२१ ला ब्राउन्सनी पिट्सबर्गमध्ये जाऊन स्टीलर्सना ४८-३७ ने हरवलं, १९९५ च्या सुरुवातीनंतरचा पहिला प्लेऑफ विजय, तेव्हा सासरे टीव्हीसमोर रडले. थॉमस तेव्हा निवृत्त झालेला होता. त्या रात्री आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव होतं.

पाटणकर_अण्णा

सूनबाई, फार मनापासून लिहिलंत. सासऱ्यांना आमचा नमस्कार सांगा.

वैद्यबाई

चर्चा छान चालली आहे, पण या पेशाची दुसरी बाजू न लिहिता धागा पुढे गेला तर ते बरोबर होणार नाही.

थॉमससारखाच विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेला आणि त्याच विद्यापीठातून आलेला आणखी एक मोठा लाइनमन म्हणजे माइक वेबस्टर. १९७४ मध्ये पाचव्या फेरीत पिट्सबर्ग स्टीलर्सनी घेतलेला सेंटर. चार सुपर बोल, १७ हंगाम, १९९७ मध्ये हॉल ऑफ फेम. सेंटरचं काम असं की बॉल मागे देताच डोकं समोरच्याच्या डोक्यावर आदळतं. निवृत्तीनंतर त्याची स्मृती आणि विचारशक्ती ढासळत गेली, संसार मोडला, शेवटच्या काळात तो कित्येकदा पिकअप ट्रकमध्ये झोपायचा. २४ सप्टेंबर २००२ ला वयाच्या ५० व्या वर्षी तो गेला. पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदन करणारे नायजेरियात जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू यांनी मेंदूचे काप तपासले आणि त्यात टाऊ प्रथिनाचे साठे सापडले. २००५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मुष्टियोद्ध्यांमध्ये पूर्वीपासून माहीत असलेला हा आजार, सीटीई (वारंवार बसणाऱ्या माराने मेंदूचा होणारा ऱ्हास), एनएफएल खेळाडूच्या मेंदूत पहिल्यांदाच दाखवला गेला. लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो निबंध मागे घ्यावा अशी मागणी केली. खेळाचा आणि या आजाराचा संबंध आहे, हे लीगच्या अधिकाऱ्याने उघडपणे मान्य करायला २०१६ उजाडलं.

लाइनमनबाबत लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की त्याला एकदम बेशुद्ध करणारा मार क्वचित बसतो. छोटे धक्के बसतात, प्रत्येक डावाला, सरावातसुद्धा. लक्षणं दिसत नाहीत म्हणून तो खेळत राहतो. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या गटाने दान मिळालेले मेंदू तपासले. एनएफएल खेळलेल्या १११ जणांपैकी ११० मध्ये सीटीई सापडला. हे मेंदू बहुतांशी त्रास होत असलेल्यांच्या कुटुंबांनी दिलेले, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना हाच आकडा लावता येत नाही. पण एवढ्या संख्येकडे दुर्लक्षही करता येत नाही. जिवंतपणी खात्रीने निदान करण्याची सोय अजून नाही.

हृदयाचंही आहे. १९५९ ते १९८८ मधल्या ३,४३९ खेळाडूंच्या सरकारी अभ्यासात एकंदर मृत्युदर सर्वसामान्य पुरुषांपेक्षा कमी निघाला, पण बचावफळीतल्या लाइनमनमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते. कामासाठी वाढवलेलं वजन निवृत्तीनंतर उतरवलं नाही तर ते हृदयाला आणि गुडघ्यांना भोवतं. थॉमसने पोहणं, सायकल आणि आहारावर ताबा ठेवून पन्नासएक पौंड कमी केले हे त्यासाठीच महत्त्वाचं. आणि आपल्याला विसरायला होऊ लागलंय हे त्याने खेळत असतानाच, २०१७ मध्ये, उघड सांगितलं होतं.

एरीकाठचा

वैद्यबाई, मनापासून आभार. वेबस्टरवर लिहायला तुम्हीच योग्य होतात.

तालीमवाला

ताई, हे वाचून गंभीर झालो. आमच्याकडे कान फुटतात, गुडघे जातात, मानेचा त्रास राहतो. डोक्यावर असा रोजचा मार मात्र नसतो. एवढा फरक आहे.

माय_कोलंबस

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझा मुलगा नववीत आहे, शाळा ओहायोत. अंगाने थोराड आहे. या उन्हाळ्यात शाळेच्या कोचनी त्याला लाइनवर खेळायला बोलावलं. तो हरखून गेलाय. आजवर त्याला कुणी कुठल्या संघात इतक्या अगत्याने बोलावलं नव्हतं. ह्यांनाही हवंय, "इथे राहायचं तर इथल्या मुलांत मिसळू दे" म्हणतात. वरची चर्चा वाचून माझी झोप उडाली आहे. कुणी अनुभवाने सांगेल का?

वैद्यबाई

ताई, तुमची काळजी रास्त आहे. जे माहीत आहे तेवढं सांगते. बोस्टनच्याच गटाने २०१९ मध्ये २६६ मृत खेळाडूंचा अभ्यास मांडला. खेळलेल्या प्रत्येक वर्षागणिक सीटीई असण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढत गेलेली दिसली. हेही दान मिळालेलेच मेंदू, मर्यादा तीच. पण दिशा स्पष्ट आहे: किती वर्षं खेळला याला महत्त्व आहे. म्हणजे शाळेची चार वर्षं आणि थॉमससारखी वीसेक वर्षं यांत मोठा फरक आहे, आणि शून्य व चार यांतही फरक आहेच. खेळलाच तर डोकं दुखणं, गरगरणं, उजेड सहन न होणं, चिडचिड यातलं काहीही लपवायचं नाही, हे त्याच्याकडून आधी कबूल करून घ्या. थोराड मुलं संघात जागा टिकवायला लपवतात.

एरीकाठचा

वहिनी, मी डॉक्टर नाही, पण दोन लाइनमनबद्दल मुलाला आवर्जून सांगा. जॉन अर्शेल बाल्टिमोर रेव्हन्सचा गार्ड होता आणि त्याच वेळी एमआयटीत गणितात पीएचडी करत होता. २०१५ च्या सराव शिबिरात त्याच्या डोक्याला मार बसला आणि काही काळ त्याला वरच्या पातळीचं गणित जमेना. जुलै २०१७ मध्ये तो १११ मेंदूंचा अभ्यास आला आणि दोन दिवसांत त्याने निवृत्ती घेतली, वयाच्या २६ व्या वर्षी. आज तो एमआयटीत प्राध्यापक आहे. दुसरा कॅनडाचा लॉरां द्युव्हर्ने-तार्दिफ. मॅकगिलमधून डॉक्टर झाला, कॅन्सस सिटीच्या फळीत खेळून फेब्रुवारी २०२० मध्ये सुपर बोल जिंकला, आणि कोविड आल्यावर तो हंगाम सोडून माँट्रिअलजवळच्या वृद्धांच्या केंद्रात कामाला गेला. खेळावर या दोघांचं प्रेम कमी नव्हतं. कधी थांबायचं ते मात्र त्यांनी स्वतः ठरवलं.

कोचना हे विचारा: आठवड्यात किती दिवस पूर्ण टकरीचा सराव असतो, आणि किती मिनिटं? एनएफएलमध्येच २०११ पासून संपूर्ण नियमित हंगामात पॅड घालून फक्त चौदा सराव करता येतात. शाळेत त्याहून जास्त का असावेत? हेल्मेटवर घालायचं मऊ आवरण वापरतात का? एनएफएलने २०२२ मध्ये सराव शिबिरात लाइनमनना ते सक्तीचं केलं. सरावाला प्रशिक्षित अ‍ॅथलेटिक ट्रेनर हजर असतो का, आणि डोक्याला मार बसल्यावर परत खेळवायचं की नाही हे तो ठरवतो की कोच? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "कोच" असं आलं तर मी माझ्या मुलाला पाठवणार नाही.

क्लीव्हलंडची_सून

माझ्या दिरांचा मुलगा शाळेत चार वर्षं गार्ड होता. संघात मिसळला, मित्र मिळाले, आजही तेच मित्र आहेत. एकदा डोक्याला लागलं तेव्हा ट्रेनरनी त्याला तीन आठवडे बाहेर ठेवलं. सामना महत्त्वाचा होता, कोचना तो हवा होता, पण ट्रेनर हटले नाहीत. एरीकाठचा म्हणतात तो प्रश्न खरंच विचारा.

मुक्ता_पुणे

आणि मुलाला काय हवंय ते शांतपणे ऐकून घ्या. बोलावलं गेल्याचा आनंद त्याला दुसऱ्या खेळातही मिळू शकेल का, हेही बघा.

माय_कोलंबस

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री त्याच्या शेजारी बसून हा सगळा धागा मराठीतच वाचून दाखवला, अडलं तिथे समजावून सांगितलं. थॉमसची बोटीवरची गोष्ट त्याला फार आवडली. वेबस्टरचं ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, लपवणार नाही." आज सकाळी स्वतःहून विचारलं की शाळेत गोळाफेक कोण शिकवतं. हे म्हणाले, वसंतात ती करू दे आणि शरदात फुटबॉल, एक वर्ष बघू. मी अजून हो म्हटलेलं नाही. गुरुवारी पालकांची बैठक आहे. प्रश्न कागदावर उतरवून घेतलेत, ट्रेनरचा सगळ्यात वर. वैद्यबाई, हंगामाआधी करून घेण्याच्या तपासण्या कोणत्या ते बैठकीआधी कळवाल का?